तिसरं रूप

तार आली तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. दाराशी जैबूनभाबी येऊन उभी राहिली. पायात चपला नव्हत्या, हाताला पीठ तसंच होतं. तिच्यामागे पोस्टमन सायकल धरून उभा होता.

"बाय, वाचा," ती म्हणाली. "हिथंच वाचा. घरी नको."

मी नांदखोलला येऊन सहा महिने झाले होते. तेवीस वर्षांची होते, संगमनेरची. तोवर समुद्र पाहिला नव्हता. खाडीकाठच्या त्या गावात निम्मी घरं कोकणी मुसलमानांची. घरातले बापे बोटीवर कामाला आणि बायका त्यांच्या पत्रांची वाट बघत बसलेल्या. शाळेत इंग्रजी शिकवणारी म्हणून गावातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे यायचं. कंपनीचे कागद, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, परदेशी साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. संगमनेरला मी पाच बहिणींतली तिसरी होते. इथे 'वाघचौरेबाई वाचतील' म्हणून माणसं खाडी ओलांडून यायची.

मी राहायचे जैबूनभाबीकडेच, तिच्या घराच्या बाजूच्या खोलीत. तिचा नवरा कासम होडेकर मोठ्या मालवाहू बोटीवर तेलवाला होता, इंजिनाला तेलपाणी करणारा. त्यांची एकुलती एक मुलगी रशीदा माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसायची. पंधरा दिवसांपूर्वी कासमभाईंच्या बोटीवरच्या लतीफ मुकादमचं पत्र आलं होतं. कासम इंजिनखोलीच्या शिडीवरून पडला, पायाला लागलंय, बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात दवाखान्यात ठेवलाय, काळजी नसावी. त्यानंतर काही नाही. जैबूनभाबी रोज पोस्टात जाऊन यायची.

मी तार उलगडली. मजकूर इंग्रजीत, एका ओळीचा. 'कासम होडेकर लेफ्ट हॉस्पिटल अँटवर्प शिप सेल्ड नाइन्थ.'

मी एकदाच वाचली. दुसऱ्यांदा वाचायची गरजच वाटली नाही.

"भाबी, सुटले!" मी म्हणाले. "कासमभाईंनी दवाखाना सोडला. नऊ तारखेला बोट निघाली. येतायत ते!"

जैबूनभाबीने पिठाचे हात तोंडावर दाबले आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली. सगळा वर्ग उठून उभा राहिला. पोस्टमनने घंटी वाजवली. रशीदाकडे मी पाहिलं तर ती धावत आईकडे गेली नव्हती. ती माझ्याजवळ आली होती आणि मान वाकडी करून तार वाचत होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हे लेफ्ट तिसरं रूप असलं तर?"

"काय?"

"लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट. तुम्हीच गेल्या आठवड्यात पाठ करून घेतलंत. दुसरं रूप असलं तर अब्बांनी दवाखाना सोडला. पण तिसरं असलं तर… अब्बांना सोडलं. दवाखान्यात."

वर्गात चाळीस मुलं होती. दाराशी तिची आई होती, पोस्टमन होता, आणि आता हेडमास्तरही व्हरांड्यात आले होते.

"तसं असतं तर मध्ये 'वॉज' आलं असतं आणि 'इन' आलं असतं," मी म्हणाले. "आहे का कुठे?"

"नाही. पण बाई, तारेत शब्द गाळतात ना? तुम्हीच—"

"रशीदा, वडील बरे झालेले तुला नकोत का?"

ती जाऊन बाकावर बसली. मी मुलांना लवकर सोडलं.

त्या दिवसापासून जैबूनभाबीचं घर बदललं. सुएझचा कालवा तेव्हा बंद होता, बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायच्या. म्हणजे पाच-सहा आठवडे. तेवढ्यात तिने भिंतींना चुना लावला, ओटी सारवली, कासमभाईंना आवडतात म्हणून सुक्या कोळंबीचे सोडे आणून डब्यात भरले. पहिल्याच शुक्रवारी तांदळाची गोड सांदणं केली, गावभर वाटली, आणि त्यातलं पहिलं ताट माझ्या खोलीत आलं.

"तुमच्या तोंडात साखर पडो बाय," ती म्हणाली. "तुमी नसतात तर मी आंधळीच होते."

आम्ही पत्र लिहिलं नाही. लिहायचं कुठे? माणूस भर समुद्रात. मीच तसं तिला सांगितलं होतं.

रशीदा अभ्यासात पुढे होती तशीच राहिली. फक्त वर्गात हात वर करायची थांबली. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मुली वयात येतात तेव्हा अशा होतात, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढचा धडा घेतला.

जानेवारी संपत आला होता. एका सकाळी लतीफ मुकादम खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरून आमच्या अंगणात आला. त्याच्याबरोबर हमाल होता आणि हमालाच्या डोक्यावर हिरवी पत्र्याची पेटी. तिच्यावर पांढऱ्या रंगाने कासमभाईंचं नाव लिहिलेलं.

जैबूनभाबी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने पेटी बघितली. लतीफच्या मागे बघितलं. वाटेवर अजून कुणी नव्हतं.

"ते कुठं हायत?"

लतीफ गोंधळला. "भाबी, मी पेटी पोचवायला आलो. कासम… तुमाला कंपनीनं कळवलं नाय?"

सूप तिच्या हातातून सुटलं. ती एवढंच म्हणाली, "मेले?"

"नाय नाय! या अल्ला, नाय!" लतीफने पेटीवर हात आपटला. "जिता हाय. पण पाय दोन जागी मोडला होता, जखम चिघळली. डॉक्टर बोलला, हलवायचा नाय. बोटीला थांबता येत नव्हतं. म्हणून त्याला दवाखान्यात ठेवला आणि आमी निघालो. कप्तानानं आमच्यासमोर सांगितलं, घरी तार गेली म्हणून. तुमी आतापावतर काय केलंत?"

मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. जैबूनभाबीने माझ्याकडे बघितलं नाही. रशीदानेही नाही. लतीफच तेवढा एकेकीच्या तोंडाकडे बघत होता. मग भाबी खाली वाकली आणि सांडलेले तांदूळ गोळा करू लागली.

मी शाळेत गेले. दुसरं कुठे जाणार? हेडमास्तरांच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. वर्षातून एकदा तपासणीच्या वेळी बाहेर काढून पुसायचा. मी तो टेबलावर ठेवला आणि 'लेफ्ट' काढला. एवढासा चार अक्षरांचा शब्द. त्याला मजकूर पाऊण पानभर.

दार वाजलं म्हणून मान वर केली, तर रशीदा.

"अम्मीनं पाठवलंय. तुम्ही जेवला नाहीत."

तिच्या हातात रुमालात बांधलेली भाकरी होती. ती तिने कोशाजवळ ठेवली आणि जायला वळली.

"थांब," मी म्हणाले. "ये, बघ."

ती टेबलाच्या पलीकडून वाचू लागली. मी तिला एकेक ओळ दाखवत गेले. गेला. निघून गेला. सोडला. सोडलेला. मागे राहिलेला. उरलेला. मेलेल्याने वारसाला ठेवलेला. ती बोट ठेवून वाचत होती.

"म्हणजे गेला तोही लेफ्ट आणि राहिला तोही लेफ्ट?" तिने विचारलं.

"हो. आणि इथे लिहिलंय की मुळात अर्थ राहिल्याचा होता. फार जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ मागे राहू देणं, असू देणं. निघून जाणं हे नंतर आलं. जाणारा काहीतरी मागे ठेवतो, म्हणून."

"आणि हा खालचा?"

खाली वेगळा शब्द होता. लेफ्ट म्हणजे डावा. त्याचं कूळच निराळं. त्याचा मूळ अर्थ अशक्त, लुळा. दोन वेगळ्या घरांतले शब्द फिरत फिरत एकाच रूपात येऊन उभे राहिलेले.

"डावा हात कमजोर म्हणून?" ती म्हणाली.

"म्हणून."

ती पान बघत राहिली. मी म्हणाले, "रशीदा, तू बरोबर होतीस. आणि मी तुला जे बोलले ना, सगळ्यांसमोर, ते—"

"मी अम्मीला परत सांगायला हवं होतं," ती मध्येच म्हणाली. "दोनदा मनात आलं. पण अम्मी चुना लावत होती, गात होती. मला वाटलं, बाईंचंच बरोबर असू दे."

मग ती रडली. मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचाही धीर होईना. शेवटी तिनेच माझ्या पदराला डोळे पुसले.

घरी आलो तेव्हा जैबूनभाबीने पिशवी भरून ठेवली होती.

"उद्या पहाटेच्या एसटीनं मुंबईला जायचं," ती म्हणाली. "कंपनीच्या हापिसात. लतीफनं पत्ता दिलाय."

"लतीफभाई येतायत ना बरोबर?"

"तो कंपनीचा मानूस. साहेबासमोर तोंड उघडायचा नाय. तुमी चला."

"मी?"

"मग इंग्रजी कोन बोलंल बाय?" ती म्हणाली. तेव्हा कुठे तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजले होते. "तुमी वाचलंत ते वाचलंत. आता बोलायला तरी चला."

दिवसभर एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि चार वाक्यं बोललो असू. डोंगरीत तिच्या मावसबहिणीकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअरजवळच्या त्या कचेरीत दहाला जाऊन बसलो, तर बारा वाजता एका कारकुनाने आत घेतलं. वयस्क, चष्मा लावलेला माणूस. त्याने फाइल काढली.

"डिसेंबरमध्ये तार केलीय आम्ही," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमच्याकडून साधी चौकशी नाही. आम्ही समजलो, घरच्यांना काही विचारायचं नाही."

"तार नीट कळली नाही," मी म्हणाले.

"का? साधी तर होती." त्याने फाइलमधली प्रत काढून वाचली, आणि मग परत वाचली. "हं," तो म्हणाला. "तारेत शब्द वाचवायची सवय असते आम्हांला."

त्याने पुढची पानं उलटली. पायाचं दुसरं ऑपरेशन झालं होतं. पाय वाचला होता, पण आखूड राहणार होता. आणखी दोन महिन्यांनी विमानाने आणतील. मग तो एका कागदावर थांबला.

"हे तिथल्या एजंटचं आहे. असे तीन आलेत. पेशंट घरची खबर विचारतो. पेशंट पुन्हा घरची खबर विचारतो. तिसऱ्यात म्हटलंय, पेशंट जेवत नाही."

"काय बोलतो तो?" जैबूनभाबीने विचारलं.

मी सगळं सांगितलं. यावेळी एकही शब्द गाळला नाही. जेवत नाहीत तेही सांगितलं. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तार करायची," ती म्हणाली. "आत्ता."

कारकुनाने फॉर्म पुढे केला. मी पेन उघडलं.

"काय लिहू भाबी?"

ती बराच वेळ विचार करत होती. मुलीचं सांगावं, घराचं सांगावं, उशीर का झाला ते सांगावं. मला वाटत होतं, आता ती माझं नाव घेईल. मग ती म्हणाली, "लिवा, आमी हाव. वाट बघतो. जेव."

मी लिहिलं. कारकून म्हणाला, यातले चार शब्द कमी करता येतील. मी म्हणाले, नको. त्याने मान हलवली आणि कागद तसाच आत पाठवला. त्याच दुपारी मी भाबीच्या वतीने चार पानी पत्रही लिहिलं. रशीदाने घरून दिलेली चिठ्ठी त्यात घातली.

कासमभाई एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आले. लतीफने त्यांना तरीतून उचलून उतरवलं. मी त्यांना फोटोत पाहिलं होतं तो रुंद छातीचा माणूस होता. हा माणूस कुबड्यांवर होता, गालांची हाडं वर आलेली, आणि डावा पाय जमिनीला नीट टेकत नव्हता. जैबूनभाबीने ओटीवर सतरंजी अंथरली होती. सगळं गाव भेटून गेलं. मी मात्र तीन दिवस खोलीबाहेर पडले नाही. शाळा आणि खोली, एवढंच.

चौथ्या दिवशी रविवार होता. भाबी विहिरीवर गेलेली पाहून मी ओटीवर गेले.

"या बाई, या," ते म्हणाले. "तुमची लई तारीफ करते जैबून. तुमी मुंबईपावतर गेलात आमच्यासाठी."

"कासमभाई, मला तुम्हांला काही सांगायचंय."

"बोला की."

"तार…"

"तार उशिरा मिळाली. जैबूननं सांगितलं ना मला. पोस्टात कुठंतरी पडून राहिली. पोस्टाचं असंच हाय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. घरात रशीदा चुलीजवळ काही करत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

मी गप्प बसू शकले असते. तो दरवाजा भाबीने माझ्यासाठी उघडून ठेवला होता, आणि मुलीनेही तो लोटला नव्हता. पण मला ते सोसवेना.

"तार वेळेवर आली होती," मी म्हणाले. "अकरा डिसेंबरला. मी ती चुकीची वाचली. रशीदा बरोबर सांगत होती, तिला मी गप्प केलं. तुम्ही तिथे एकटे पडलात ते माझ्यामुळे."

आणि मग मी तो शब्द सांगितला. काय समजले आणि काय होतं.

कासमभाई ऐकत होते. कुबडी मांडीवर आडवी घेऊन तिच्या लाकडावरून अंगठा फिरवत होते. ते म्हणाले, "लेफ्ट?"

"हो."

"लेफ्ट!" ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "बाई, त्या शब्दानं मला पन मारलाय. ऐका. एजंट आला पहिल्या दिवशी. मी इचारलं, बोट? तो बोलला, लेफ्ट. मी इचारलं, आमचा म्होरक्या सारंग? लतीफ? लेफ्ट, लेफ्ट. मी समजलो, लेफ्ट म्हंजे गेला. जहाजावर आमी डावा नि जमना म्हनतो. उजव्याला जमना. इंग्रजीतला डावा मला कुठला ठाऊक! मग डॉक्टर आला. त्याच्यासंगं चार पोरं शिकायला. माझ्या पायावर हात ठेवला नि पोरांना बोलला, लेफ्ट. एकेक पोरगा वाकून बघतो नि लिवून घेतो, लेफ्ट."

"मग?"

"मग काय! पाय गेला. मी दिसभर रडलो. नर्स बिचारी पानी पाजते, मी तिला पाय दाखवतो नि इचारतो, लेफ्ट? ती खूश होऊन मान हालवते, येस, येस, लेफ्ट!"

ते हसायला लागले. मलाही हसू आलं आणि त्याबरोबरच रडू, दोन्ही आवरेना. आतून रशीदाचंही हसणं ऐकू आलं.

हसता हसता ते थांबले.

"पन बाई, खोटं नाय बोलत. पाय राहिला ते चार दिवसांनी कळलं. पाहुन्यांच्या वेळेला सगळ्यांकडे मानसं यायची. मी दाराकडं बघायचो. मला ठाऊक होतं कुनी येनार नाय, इतक्या लांब कोन येतंय. पन कागद तरी येईल. पन्नास दिस नाय आला. तवा वाटलं, लंगडा झालो म्हनून जैबूननं मला टाकला." त्यांनी कुबडी बाजूला ठेवली. "ते काय माज्या मनातून लवकर जायाचं नाय. तुमी सांगितलंत ते बरं केलंत. पोस्टावर राग धरून काय करनार होतो!"

"माझ्यावर धरा," मी म्हणाले.

"बघू," ते म्हणाले. "जमलं तर धरतो."

विहिरीकडून कळशीचा आवाज आला. कासमभाई माझ्याकडे वाकले आणि आवाज खाली आणून घाईने बोलले.

"बाई, एक करा. मला सांगितलंत ते तिला सांगू नका. रशीदा, तू पन." आतून रशीदाने हुंकार दिला. "सोळा वर्सं झाली आमच्या निकाहला. ती माज्याशी एक दिस खोटं बोलली नाय. पयल्यांदा बोलली, ती तुमच्यासाठी. तिला वाटू दे, मला पटलं म्हनून."

जैबूनभाबी कंबरेवर कळशी घेऊन अंगणात आली. आमचे चेहरे पाहून थबकली. माझे डोळे ओले होते, तिच्या नवऱ्याचेही. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काय झालं?"

"काय नाय," कासमभाई म्हणाले. "त्या पोस्टवाल्यांना शिव्या देत होतो. बाई बी देत होत्या."

ती अजून माझ्याकडेच बघत होती. कळशीतलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं.

"हो ना भाबी," मी म्हणाले. "फारच उशिरा आली तार."

तिने कळशी खाली ठेवली. खांद्यावरचा पदर घेऊन तोंड पुसलं.

"बसा," ती म्हणाली. "आज इथंच जेवा."